फायरवॉलमधून जाणारे बोल्टचे ब्रेस : जुन्या कॅमॅरोत दांडा नेमका कुठे संपवायचा?

नोव्हायकर (धागाकर्ता)

माझ्या १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोचं चेसिस ताठ करायचं काम यंदाच्या हिवाळ्यात काढतोय. त्यातल्या एका मुद्द्यावर इथल्या जाणकारांचं मत हवंय. गाडी कूपे आहे. मूळ इंजिनाच्या जागी जनरल मोटर्सचं नंतरच्या काळातलं व्ही८ इंजिन एलएस३, पुढे मोठे डिस्क ब्रेक, रुंद टायर. वापर मुख्यतः रस्त्यावर, अधूनमधून ऑटोक्रॉस (शंकूंमधून वळत घड्याळाशी शर्यत), आणि पुढे कधीतरी पाव मैलाच्या ड्रॅगलाही (सरळ रेषेतली शर्यत) न्यायची आहे.

लक्षण असं की चढाच्या ड्राइव्हवेवर गाडी तिरकी घातली की दाराची मागची वरची कड खांबाला घासते. सपाटीवर आली की फट पुन्हा पहिल्यासारखी. बॉडी पिळतेय हे उघड आहे.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६७ ते ६९ ची कॅमॅरो फायरवॉलपासून (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला आडवा पत्रा) मागे युनिबॉडी आहे, म्हणजे पत्र्याचीच पेटी. पुढे मात्र वेगळी सबफ्रेम आहे. इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन सगळं तिच्यावर. ही सबफ्रेम बॉडीला चार ठिकाणी बोल्टने धरलेली असते, दोन फायरवॉलच्या पायाशी आणि दोन पुढच्या सीटच्या आसपास फ्लोअरखाली. रेडिएटर सपोर्टचे दोन माउंट वेगळे. कारखान्यातून या सगळ्यांमध्ये रबरी बुश आले.

इथल्या एका वर्कशॉपने बोल्टने बसणारा ब्रेस, म्हणजे ताठपणासाठीचा आधाराचा दांडा, सुचवलाय. सबफ्रेमपासून दोन पाइप तिरपे वर येतात आणि फायरवॉलच्या मधल्या भागावर चपटी प्लेट लावून चार बोल्टने बसतात. वेल्डिंग नाही, केज (प्रवाशांभोवतीचा पोलादी पाइपांचा पिंजरा) नाही, एका दिवसात काम. दुसरा पर्याय म्हणजे पाइप फायरवॉलमधून आत नेऊन डॅशखालच्या आडव्या बारला आणि केजच्या पुढच्या पायांना जोडायचा. त्यासाठी फायरवॉलला भोकं पाडावी लागतील. पहिल्याने काम होईल का?

तन्यता

पहिल्याने होणार नाही. कारण सविस्तर लिहिते. माझं रोजचं काम बॉडी स्ट्रक्चरचंच आहे.

फायरवॉल म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचा पत्रा. त्याच्याच पातळीत तो चांगला ताकदवान असतो. गाडी पिळते तेव्हा दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांच्या तुलनेत वर-खाली सरकू पाहतात आणि फायरवॉल त्यांना धरून ठेवते. पण त्याच पत्र्याला समोरून मधोमध ढकललं तर तो पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखा आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. तुमच्या वर्कशॉपचा पाइप नेमका हेच करणार. पाइप कितीही जाड घ्या, त्याचं एक टोक मऊ जागी आहे. काही हंगामांनी त्या प्लेटच्या कडेने पत्र्याला तडा गेलेला दिसेल.

भार पत्र्याला देऊ नका, सांध्याला द्या. फायरवॉलवर चांगले सांधे मोजकेच आहेत. वर काउल, म्हणजे विंडशील्डखालची बंद पेटी. तिचे दोन्ही कोपरे, जिथे ती दाराच्या बिजागरीच्या खांबाला मिळते. आणि खाली फायरवॉलचा पाया, जिथे फ्लोअर, रॉकर (दाराखालची बंद पेटी) आणि सबफ्रेमचा माउंट एकत्र येतात. ब्रेस यांपैकी एखाद्या जागी संपला पाहिजे, नाहीतर पत्र्याला न टेकता आरपार जाऊन आतल्या केजला मिळाला पाहिजे.

दुसरं, पैसे घालण्याआधी मोजा. ब्रेस उपयोगी पडतो तो त्याच्या दोन टोकांमधलं अंतर बदलत असेल तरच. सबफ्रेमवर वरच्या कंट्रोल आर्मच्या माउंटजवळ एक खूण करा, काउलच्या कोपऱ्यावर दुसरी. दोन्हींच्या मध्ये सरकती सळई आणि डायल गेज लावा. आता गाडीचा पुढचा एकच कोपरा सबफ्रेमखाली जॅक लावून उचला, विरुद्ध बाजूचं पुढचं चाक हलकं होईपर्यंत. गेजचा काटा हलला तर तिथल्या दांड्याला काम आहे. काटा जागचा हलला नाही तर तिथे सोन्याचा पाइप बसवला तरी गाडी तेवढीच पिळेल. हेच माप फायरवॉलच्या मध्यबिंदूपर्यंतही घ्या आणि त्याच वेळी हाताने तो पत्रा दाबून पाहा. काटा नुसत्या हातानेच हललेला दिसेल.

मस्टँग६७

तन्यताताईंच्या म्हणण्याला फोर्डच्या बाजूने पुरावा देतो. पहिल्या मस्टँगमध्ये कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक शॉक टॉवरमध्ये (इंजिनाशेजारचा पत्र्याचा उंच उभार). म्हणजे पुढच्या चाकाचा सगळा धक्का त्या टॉवरच्या माथ्यावर. जुन्या गाड्यांत दोन्ही टॉवर आतल्या बाजूला कललेले सापडतात. फोर्डने साध्या गाड्यांना टॉवरपासून फायरवॉलकडे दोन सुटे पातळ ब्रेस दिले होते. परदेशी पाठवायच्या गाड्यांना आणि १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला त्याऐवजी एकसंध त्रिकोणी ब्रेस आला, म्हणूनच त्याला इकडे सगळे एक्स्पोर्ट ब्रेस म्हणतात. जीटी३५० ला शिवाय दोन टॉवरांमध्ये सरळ आडवा मॉन्टे कार्लो बारही होता.

आता तो एक्स्पोर्ट ब्रेस फायरवॉलवर बसतो कुठे ते पाहा. वरच्या कडेला, काउलच्या पेटीवर. खालच्या सपाट पत्र्यावर नाही. तीन टोकं, तिन्ही टणक जागी, आणि एकही भोक आरपार नाही. साठ वर्षं झाली तरी लोक तोच ब्रेस लावतात.

एक काळजी मात्र घ्या. या पिढीच्या मस्टँगांचं काउल आतून गंजतं. जाळीतून पावसाचं पाणी आणि पानं आत साचतात आणि वरून काही दिसत नाही. डॅशखाली ड्रायव्हरच्या पायाशी ओल दिसली की समजून जायचं. गंजलेल्या काउलवर ब्रेस आवळणं म्हणजे भुसभुशीत भिंतीत खिळा. कॅमॅरोचंही काउल आधी उघडून बघा, विशेषतः मिशिगनच्या रस्त्यांवर टाकलेल्या मिठात हिवाळे काढलेली गाडी असेल तर.

नोव्हायकर

मोजलं. सबफ्रेम ते काउलचा कोपरा हे तिरपं अंतर स्पष्ट बदलतंय, उजव्या बाजूला थोडं जास्त. मध्यबिंदूवर हाताने दाबल्यावर काटा खरोखर हलला. त्यामुळे वर्कशॉपचा पर्याय रद्द. काउल उघडून पाहिलं, कोरडं आणि स्वच्छ आहे.

आता आरपार जाणारा पर्याय. मला तो वेल्डने नको, बोल्टनेच हवा. इंजिन काढायचं झालं तर पाइप सोडवता आले पाहिजेत, हेडर्स (इंजिनाचे एक्झॉस्ट पाइप) त्यांना घासत गेले तर बदलता आले पाहिजेत. सबफ्रेमचे बुश अजून रबरी आहेत. आधी ब्रेस की आधी बुश?

तन्यता

आधी बुश. यात पर्याय नाही.

रबर दबावं म्हणूनच तिथे ठेवलंय. सबफ्रेम आणि बॉडी यांच्यात रबर तसंच ठेवून शेजारून पोलादी दांडा बोल्टने बांधलात तर रबर काहीच घेणार नाही. जे चार माउंटांनी वाटून घ्यायचं ते सगळं दांड्याच्या टोकांवरच्या दोन बोल्टांवर येईल. आधी बोल्टचं भोक लांबट होईल, मग ब्रॅकेट फाटेल. ॲल्युमिनियमचे सॉलिड बुश घाला. आवाज आणि थरथर थोडी वाढेल, ती स्वीकारावी लागते. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे टेकतात तिथे मीठ-पाण्याने गंज चढतो, म्हणून दोघांमध्ये चांगला लेप द्या.

बुश बदलतानाच सबफ्रेम बॉडीशी चौकोनात आणून घ्या. सबफ्रेमच्या मागच्या माउंटजवळ त्यासाठीची भोकं कारखान्यातूनच आहेत, त्यांत पिना घालून जुळवायचं. हे झाल्याशिवाय फायरवॉलला ड्रिल लावू नका. आणि मागे सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे सबफ्रेमची मागची टोकं बॉडीच्या मागच्या रेलला जोडणारे दांडे, हवेतच. पुढचा भाग ताठ केला आणि सबफ्रेमची मागची टोकं फ्लोअरला लोंबकळत ठेवली, तर पीळ तेवढा मागे सरकेल. दार मग आजच्याइतकंच घासेल.

कारखान्याला हे दुखणं माहीत होतं. याच पिढीच्या कॅमॅरो कन्व्हर्टिबलच्या चारही कोपऱ्यांत जड वजनं बसवून यायची, लोक त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. छत नसलेल्या बॉडीची थरथर त्या वजनांनी मारायची. ताठपणा त्याने एक अंशही वाढत नाही, फक्त थरथर कमी जाणवते.

शेवेलवाला

टेक्सासहून. वरचं सगळं युनिबॉडीसाठी शंभर टक्के बरोबर. पण धागा वाचून कोणी शेवेल, जीटीओ किंवा कटलासवर तेच करायला जाईल म्हणून लिहितो. जनरल मोटर्सच्या या ए-बॉडी गाड्यांत पूर्ण फ्रेम वेगळी आणि बॉडी तिच्यावर रबरावर ठेवलेली. इथे केजचे पाय फ्लोअरला बसवले आणि पुढचे पाइप फायरवॉलमधून फ्रेमला नेले तर एक टोक बॉडीवर, दुसरं फ्रेमवर. दोन्ही आपापल्या परीने हलतात आणि मधला पाइप सतत ओढला जातो.

म्हणून एकच काहीतरी ठरवा. एकतर केजचे सगळे पाय फ्लोअरमधून खाली फ्रेमवर न्या आणि फायरवॉलचं भोक पाइपपेक्षा मोकळं ठेवून त्यावर लवचीक बूट लावा, म्हणजे बॉडीला पाइप कुठे टेकणारच नाही. नाहीतर बॉडीचे बुशही सॉलिड करून दोन्ही एक करा. माझ्या १९७० च्या गाडीत पहिला मार्ग आहे आणि रस्त्यावर ती अजूनही सुखाने चालते.

ओरिजिनल_पार्ट्स

मी विरोधी मत नोंदवतो. १९६९ ची कॅमॅरो पुन्हा बनणार नाही. फायरवॉलला दोन इंची भोकं पाडली की ती परत आणता येत नाहीत. बोल्टने बसणारं असलं म्हणजे मूळ रूपात आणता येतं हा दावा पाइपपुरता खरा आहे, पत्र्यापुरता नाही. सॉलिड बुश, सबफ्रेम कनेक्टर आणि चांगले शॉक्स यांवर रस्त्याच्या गाडीचं भागतं. आधी तेवढंच करा, चालवून पाहा, मग ठरवा.

आणि पाडायचीच असतील तर दोन जागा जपा. फायरवॉलवर ड्रायव्हरच्या बाजूला वर असलेला ट्रिम टॅग (गाडीच्या मूळ रंग-सजावटीची नोंद असलेली पट्टी), आणि हीटर बॉक्सच्या मागे दडलेला व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) ठसा. तो ठसा ड्रिलखाली गेला तर गाडीची ओळखच वादात येते आणि विकताना कोणी हात लावत नाही. हीटर बॉक्स काढल्याशिवाय उजव्या बाजूला ड्रिल टेकवू नका.

नोव्हायकर

तुमचा मुद्दा मनापासून पटतो. माझी गाडी नंबर मॅचिंग नाही, इंजिन आधीच्या मालकाने कधीच बदललं होतं, म्हणून मी हे धाडस करतोय. मूळ इंजिनासकट असती तर मीही कनेक्टरवरच थांबलो असतो. क्रम मात्र तुम्ही सांगता तोच ठेवतो. बुश आणि कनेक्टर आधी, मग पुन्हा गेज लावून मोजणार.

तन्यताताई, एक प्रश्न. हेडर चुकवण्यासाठी पाइपला मधे हलकासा बाक द्यावा लागेल, साधारण दोन इंचांचा. चालेल ना?

तन्यता

आकडा पाहा आणि तुम्हीच ठरवा.

१.७५ इंच व्यासाचा, ०.१२० इंच जाडीचा पोलादी पाइप, लांबी ७०० मिलिमीटर. सरळ असेल तर एक किलोन्यूटन बलाला तो साधारण ०.००९ मिलिमीटर दबतो. त्याच पाइपला मध्यावर ५० मिलिमीटरचा बाक दिला की दाबासोबत वाकणंही आलं, आणि तो जवळपास ०.०४२ मिलिमीटर देतो. ताठपणा पाचवा हिस्सा उरला. साहित्य तेच, वजन तेच, फक्त बाक. हिशेब दोन्ही टोकं पिनेवर आहेत असं धरून केलाय. बोल्टच्या सांध्याला तेच धरणं सुरक्षित.

म्हणून ब्रेस सरळच हवा. हेडर आडवा येत असेल तर पाइपचं खालचं टोक सबफ्रेमवर थोडं पुढे-मागे सरकवा, किंवा हेडर बदला. बाक टाळताच येत नसेल तर बाकाच्या जागी तिसरा पाइप आणून तिथे सांधा करा. त्रिकोण झाला की वाकणं संपलं. बाकदार पाइप इंजिन बेमध्ये देखणा दिसतो खरा, पण काम म्हणून तो स्प्रिंगच आहे.

पुण्याचा_वेल्डर

नमस्कार. मी पुण्यात रॅलीच्या गाड्यांचे केज बनवतो. मसल कार हाताखालून गेली नाही, पण बोल्टचा सांधा सगळीकडे सारखाच, म्हणून लिहितोय.

ताईंनी ०.००९ मिलिमीटरचा हिशेब दिला. आता बोल्टपेक्षा भोक ०.३ मिलिमीटर मोठं असेल तर काय होतं ते बघा. सांधा घसरला की गाडी ०.३ मिलिमीटर हलेपर्यंत तो पाइप नुसता लटकलेला. म्हणजे पाइपच्या ताठपणाची सगळी कमाई भोकाच्या ढिलाईत गेली. म्हणून भोक आधी बारीक पाडायचं, सगळं जागेवर बसवायचं, आणि मग एकत्रच रीमर मारून शेवटच्या मापाला आणायचं.

सांधा दोन्ही बाजूंनी धरणारा घ्या, मध्ये पाइपचं कान आणि दोन्हीकडे प्लेट. एका बाजूच्या कानावर बोल्ट तिरका होतो. बोल्टचा आटे नसलेला भाग प्लेटमध्ये आला पाहिजे, आटे आले की ते चिरडून भोक सैल करतात. तुमच्याकडे ग्रेड ८ मिळतात, डोक्यावर सहा रेषा असलेले. तीन रेषांचे ग्रेड ५, ते इथे नकोत. हेडरजवळ नायलॉनचा लॉकनट लावू नका, उष्णतेने नायलॉन मऊ पडून पकड जाते. पूर्ण धातूचा लॉकनट घ्या.

केजच्या पायाखाली पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी प्लेट हवी, आणि जिथे बोल्ट पोकळ पेटीतून जातो तिथे आत नळीचा तुकडा वेल्ड करा. नाहीतर आवळताना पेटीच चेपते.

वाचनमात्र

फार दिवसांनी असा धागा वाचला. खूण साठवून ठेवली आहे. एक शंका: पाव मैलाच्या शर्यतीत फायरवॉल कापलेली चालते का?

शेवेलवाला

एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचे, आपल्यासारख्या जुन्या गाड्यांसाठीचे आकडे असे. ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला रोल बार (चालकामागची पोलादी कमान) लागतो. ९.९९ किंवा त्याहून जलद, किंवा ताशी १३५ मैल आणि पुढे, केज सक्तीचा. मधल्या १०.०० ते १०.९९ च्या पट्ट्यात रोल बारवर भागतं, पण फायरवॉल, फ्लोअर आणि तिथून मागची बॉडी मूळची असेल तरच. म्हणजे फायरवॉलशी छेडछाड केली की त्या पट्ट्यात तुमच्याकडून केजच मागितला जाईल. धागाकर्त्यांचा बेत केजचाच असल्याने अडचण नाही, पण नुसता ब्रेस लावणाऱ्यांनी भोक पाडण्याआधी आपल्या ट्रॅकच्या टेक इन्स्पेक्टरला विचारावं.

केज नियमात बसवायचा असेल तर साध्या पोलादाची जाडी ०.११८ इंच तरी हवी. क्रोमोली या मिश्र पोलादाला ०.०८३ चालते, पण ती टिगनेच वेल्ड करायची. फ्रेम नसलेल्या गाडीत पायाखाली फ्लोअरच्या वर-खाली सहा इंच चौरस, ०.१२५ इंच जाडीच्या प्लेटा आणि ३/८ इंचाचे किमान चार बोल्ट.

मस्टँग६७

एक काळजीचा मुद्दा कोणी काढला नाही. ही गाडी रस्त्यावर चालणार आहे. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, बाजारात जाताना नसतं. साध्या धडकेतसुद्धा उघडं डोकं पोलादी पाइपवर आपटलं तर जीवावर बेततं. डोक्याच्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येक पाइपवर एसएफआय ४५.१ या सुरक्षा मानकाचं कडक पॅडिंग लावा. मऊ फोमचं वेष्टन दिसायला तसंच असतं, पण डोक्याच्या आघाताला पुरत नाही.

दुसरं, फायरवॉलमधून येणारा पाइप आत कुठे जातो ते सीटवर बसून बघा. गुडघ्याच्या रेषेत येत असेल तर आराखडा बदला. आणि जनरल मोटर्सने १९६७ पासून धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलम दिला, त्याच्या दबण्याच्या वाटेत डॅशचा आडवा बार किंवा त्याचं ब्रॅकेट येता कामा नये. कॉलम नव्या बारला टांगताना मूळचे सुटणारे ब्रॅकेट तसेच राहू द्या.

नोव्हायकर

सगळ्यांचे आभार. बुश आणि कनेक्टर झाले. पुन्हा मोजलं तर काउलच्या कोपऱ्याकडची हालचाल बरीच कमी झाली आहे, पण संपलेली नाही, आणि उजवी-डावी आता सारखी आहे. दार ड्राइव्हवेवर घासत नाही. ओरिजिनल_पार्ट्स यांचा सल्ला रस्त्यापुरता खरा ठरला.

ड्रॅगसाठी केज करायचाच आहे, त्यामुळे पाइप सरळ रेषेत फायरवॉलमधून आत नेऊन डॅश बार आणि पुढचा पाय मिळतात त्याच सांध्यावर आणतोय. डावीकडे फ्यूज ब्लॉक आणि ब्रेक बूस्टर यांच्या मधून वाट निघाली. उजवीकडे हीटर बॉक्स काढून ठसा कुठे आहे ते पाहिलं, पाइप त्याच्यापासून लांबून जातोय. हेडर बदलावा लागणार, ते मान्य केलंय.

आता भोक बंद कसं करायचं? पाइप आणि पत्रा यांच्यात रबरी ग्रोमेट पुरेल का?

तन्यता

नाही. फायरवॉलचं पहिलं काम इंजिनची आग, धूर आणि पेट्रोलची वाफ आत येऊ न देणं हे आहे. रबर आगीत काही क्षणांत जातं.

पाइपभोवती दोन अर्धगोल पोलादी फ्लँज करा, इंजिनच्या बाजूने पत्र्याला बोल्ट करा, आणि फटीत आगीला टिकणारं सीलंट भरा. फ्लँज पाइपला वेल्ड करू नका, पाइप सोडवता आला पाहिजे. पत्र्याची कापलेली कड घासून गुळगुळीत करा आणि उघड्या धातूला लगेच प्रायमर द्या, गंज तिथूनच सुरू होतो. जवळून जाणाऱ्या वायरींना वेगळी क्लिप लावून पाइपपासून दूर बांधा.

बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर, इंजिन आत, सगळं वजन जागेवर असू द्या. दोन्ही दारांच्या फटी आणि पुढचे कर्ण मोजून सारखे आले की मगच आवळा. लिफ्टवर लोंबकळत्या अवस्थेत आवळलंत तर तो वाक कायमचा गाडीत बसेल.

पुण्याचा_वेल्डर

आणि आवळल्यावर प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, नटावरून थेट प्लेटवर. पहिल्या शे-दोनशे मैलांनंतर बॉनेट उघडून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नुसतं परत आवळून सोडू नका, बोल्ट काढून भोक तपासा. लांबट झालं असेल तर पुढच्या मापाला रीम करून मोठा बोल्ट घाला.

नोव्हायकर

रेघ पिवळ्या रंगाने ओढतो, काळ्या पाइपवर लांबून दिसेल. हेडर आले की फिटिंगचे फोटो आणि ब्रेसनंतरची गेजची मापं इथेच टाकतो.